नवी क्लासिक ३५० घेतली; ॲक्सेसरीज घरी स्वतः बसवाव्यात का?

माहुलीकर:
नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी घरी आली. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, काळी. जीएसटी कमी होणार अशी चर्चा ऑगस्टपासून होती म्हणून बुकिंग थांबवलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकं घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच आठवड्यात पैसे भरले. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसी, त्यामुळे थोडक्यात बसली.

आता मुद्दा. शोरूममध्ये ॲक्सेसरीजचं एक पॅकेज गळ्यात मारत होते: लेग गार्ड, सॅडल स्टे (मागच्या बाजूला बॅगा अडकवायची चौकट), फॉग लाईटची जोडी, मोबाईल होल्डर, सीट कव्हर. सगळं मिळून १६,८००, फिटिंगसह. मी नको म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली समजा." तरीही नाहीच घेतलं. पुण्याला गेलो होतो तेव्हा नाना पेठेतून सीट कव्हर सोडून बाकी सगळं आणलं, निम्म्याहून कमी पैशांत. सामान चार दिवस व्हरांड्यात पडून आहे.

माझा अनुभव म्हणाल तर सायकल पूर्ण खोलून जोडलीय, घरातले पंखे, बटणं, मिक्सरचा स्विच बदललाय. मोटरसायकलला मात्र पाना कधी लावला नाही. आठवीतली मुलगी रोज विचारते, "बाबा, कधी बसवायचं?" तिला प्रत्येक बोल्ट स्वतः पिळायचाय. मलाही मनापासून वाटतं की ही गाडी पंधरा-वीस वर्षं वापरायची तर तिची ओळख हातांना व्हायला हवी.

तर हे घरी करावं का? कुठपर्यंत करावं? आणि वॉरंटीचं खरं काय?

तिसरा_गिअर:
अभिनंदन! आधी फोटो टाका, मग सल्ले.

घाटवाट:
माहुलीकर, गाडी लखलाभ. बेधडक करा.

तुमच्या सामानाचे दोन भाग पाडा. लेग गार्ड, सॅडल स्टे, होल्डर हे नुसतं नटबोल्टचं काम. दुसरा भाग फॉग लाईट, म्हणजे वायरिंग. पहिला भाग रविवारच्या एका सकाळी होतो. दुसऱ्यासाठी वेगळा रविवार ठेवा. मी दोन्ही एकाच दिवशी करायला गेलो आणि अंधार पडल्यावर घाईघाईत मारलेले जॉइंट आठ दिवसांत परत उघडावे लागले.

लेग गार्ड बसवताना बहुतेक जण एकच चूक करतात. पहिला बोल्ट घट्ट आवळतात, मग दुसरा भोकात बसत नाही, मग गार्ड लाथेने सरकवतात. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे चढवून सैल सोडा. गार्ड सरळ दिसतोय का ते समोरून दहा फुटांवर उभं राहून बघा, आणि मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. तुमच्या गार्डचा क्लॅम्प इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर येत असेल तर एका वेळी एकच बोल्ट काढायचा आणि इंजिनखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक द्यायचा. क्लासिकला मधला स्टँड आहे हे फार सोयीचं आहे. १९५ किलोची गाडी साइड स्टँडवर कलती ठेवून असलं काम करू नका.

ऊनसावली:
मी नाशिकहून. माझ्या गाडीचं सॅडल स्टे, विंडस्क्रीन, हँड गार्ड सगळं मी बसवलंय, आणि सुरुवात केली तेव्हा दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला हेही कळत नव्हतं. सांगायचं ते हे की सायकल खोलणाऱ्या माणसाने अजिबात घाबरू नये.

हत्यारांत कंजूषी नको. गाडीबरोबरच्या टूलकिटवर हे काम करू नका. ते रस्त्यात अडल्यावर वापरायचं. रिंग पान्यांचा एक सेट, चांगल्या पोलादाची एलन की, छोटा रॅचेट आणि जमल्यास टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की क्लिक करणारा पाना) घ्या. टॉर्क रेंच महाग वाटतो, पण माझं एक दुखणं सांगते. विंडस्क्रीनचा ६ मिलिमीटरचा बोल्ट मी "अजून जरा" म्हणत पिळला आणि डोकं तुटून हातात आलं, धड आत राहिलं. ते काढायला जाणकाराकडे दोन तास गेले. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, ८ मिलिमीटरच्या बोल्टला २२ ते २५. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. आपल्या मनगटाला हे आकडे कळायला वर्ष जातं.

आणि लेकीला नक्की घ्या सोबत. माझ्या बाबांनी मला नुसती टॉर्च धरायला बसवलं असतं तर मी आज इथे हे लिहीत नसते. त्यांनी पाना हातात दिला.

शिरोळचा_पाना:
माझं मत वेगळं आहे. रागावू नका भावा. माझं शिरोळ तालुक्यात गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. महिन्याला चार-पाच गाड्या अशा येतात की मालकानं फोनवर बघून घरी काम केलेलं असतं. आटं गेलेलं, वायरी सोलून नुसती काळी टेप गुंडाळलेली, टाकीवर पान्याचा चरा. तीनशे रुपयांच्या मजुरीसाठी तीन हजारांचं काम करून घेतात.

नटबोल्टचं करा, काय विषय न्हाय. पण ब्रेक, चाक, स्टिअरिंग आणि वायरिंग हे ज्याचं काम त्यानंच करावं. नव्या गाड्यांत एबीएस आहे, फ्युएल इंजेक्शन आहे. चुकीची वायर कापली तर डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि मग शोरूमशिवाय पर्याय नाही.

नानापेठकर:
शिरोळकर दादा, तुमचं निम्मं पटलं. पण "ज्याचं काम त्यानं" म्हणून मी जे भोगलं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका फिटिंगवाल्याकडून फॉग लाईट बसवून घेतल्या. वीस मिनिटांत काम संपवलं त्याने. मी चहा पीत होतो. सात महिन्यांनी खंबाटकी चढताना टाकीखालून जळक्या रबराचा वास आला आणि धूर. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, तरी धूर थांबेना, कारण वायर थेट बॅटरीवरून होती आणि मधे फ्यूजच नव्हता. बॅटरीची तार उपटून काढली तेव्हा थांबलं. बोटं भाजली. नंतर खोललं तर ती वायर स्टिअरिंगच्या मानेपाशी फ्रेमला घासून उघडी पडली होती. हँडल दर वळणावर फिरतं आणि त्याबरोबर वायर घासते. ज्याने बसवली त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला घाई होती.

त्या दिवसानंतर माझ्या गाडीतली एकही वायर मी दुसऱ्याला लावू दिलेली नाही. स्वतःची गाडी असली की माणूस त्या मानेपाशी थांबतो, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघतो, वायरीला थोडी ढील ठेवतो.

शिरोळचा_पाना:
फ्यूज न घालणारा मेकॅनिक नव्हेच तो. बोटांचं ऐकून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ती घाई आमच्या धंद्यात आहे, हे मी मान्य करतो.

बारा_व्होल्ट:
वायरिंगचा विषय निघालाच आहे तर तपशिलात लिहितो. माझा धंदा औद्योगिक पॅनलचा, गाडीचं काम आवडीचं.

आधी हिशेब. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट. १२ व्होल्टला भागलं की ३.३ अँपिअर. म्हणून फ्यूज ५ अँपिअरचा. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा, दिव्यापाशी नको. फ्यूज वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा संरक्षणाबाहेरच राहतो, तो जितका आखूड तितका बरा. नानापेठकरांच्या गाडीत हाच एक वीस रुपयांचा फ्यूज असता तर धूर झाला नसता.

मग रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांचा साधा रिले पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. पायांवर आकडे कोरलेले असतात:
३० वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून.
८७ वरून दिव्यांकडे.
८५ अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला किंवा फ्रेमला.
८६ वर तुमच्या हँडलवरच्या स्विचमधून आलेली वायर. त्या स्विचला वीज चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीतून द्यायची, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची.
असं केलं की दिव्यांचा सगळा करंट रिलेतून जातो, स्विचमधून फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता, म्हणजे अँपिअरचा छोटा अंश. आणि चावी काढली की दिवे आपोआप बंद. दिवे विसरून बॅटरी बसली, हे होणारच नाही.

कंपनीची वायर कापू नका. बाजारात त्याच कपलरचे (वायरी जोडणाऱ्या प्लगचे) नर-मादी जोड मिळतात, मधे घालायचे आणि तिथून फाटा काढायचा. विकायच्या वेळी काढले की गाडी जशीच्या तशी. जॉइंट सोल्डर करण्यापेक्षा नीट क्रिंप करून (धातूचा जोड पकडीने दाबून) वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा. सोल्डरची कड कडक होते आणि कंपनांनी वायर तिथेच तुटते. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी जोडायचा. पाना प्लसवर असताना फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

दिव्यांवरच्या छापील वॉटवर विश्वास ठेवू नका. "६० वॉट" लिहिलेला एक दिवा मी मल्टीमीटरवर घेतला, १.४ अँपिअर निघाले. म्हणजे जेमतेम १७ वॉट.

तिसरा_गिअर:
हा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय. खरंच.

जुनी_येझदी:
तुमचं वाचून वडिलांची आठवण आली, थोडं अवांतर लिहितो.

आमच्याकडे १९८३ ची येझदी होती, म्हैसूरच्या कारखान्यातली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून झाली की तोच दांडा पुढे आणून गिअर. नवख्याला कळायचंच नाही, बघत राहायचा. वडील एसटीत नोकरीला होते, पण रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून बसायचे. कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग रॉकेलमध्ये धुवायचे, कार्ब्युरेटरचा जेट तोंडाने फुंकायचे. खिशात कायम एक जादा प्लग. मला काम एकच, काढलेले नट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे. "उलट क्रमाने जोडलं की गाडी स्वतः सांगते काही राहिलं का," म्हणायचे.

आता इंजेक्शनच्या गाडीत फुंकायला काही उरलं नाही. म्हणून हे बारीकसारीक फिटिंगचं काम तरी घरात राहावं असं मला फार वाटतं. माहुलीकर, लेकीला वर्तमानपत्र द्या.

घाटवाट:
क्या बात! क्रमाने मांडायची ही पद्धत मी अजून वापरतो, फक्त फोनवर फोटोही काढून ठेवतो.

कुडाळचो:
आमच्याकडे पाऊस इलो काय चार महिने गाडी सुकत नाही, म्हणून कोकणातल्या माणसाचे दोन शब्द. बाजारातल्या लेग गार्डला रंग वरून चांगला दिसतो, आतून नळी उघडी असते. पाणी आत जाऊन बसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगपाशी गंज बाहेर येतो. बसवायच्या आधी नळीच्या तोंडांत रबरी बूच बसवा. नाहीतर ती तोंडं खाली येतील असं बघा, म्हणजे पाणी निथळतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा हात फिरवा, पण मग टॉर्क थोडा कमी लावायचा, कारण ग्रीसमुळे बोल्ट जास्त ताणला जातो. आणि वायरीचा कपलर कधीही तोंड वर करून ठेवू नका. आंबोलीच्या पावसात त्याची वाटी होते.

सावकाश_चला:
मुळात लेग गार्ड हवाच का? माझ्या मित्राचा पाय घसरलेल्या गाडीखाली गार्ड आणि रस्ता यांच्यामध्ये अडकला, नडगी मोडली. गार्ड नसता तर पाय सुटला असता असं डॉक्टरही म्हणाले.

ऊनसावली:
माझा अनुभव नेमका उलट आहे. सापुताऱ्याच्या रस्त्यावर वाळूवरून गाडी आडवी झाली, वेग असेल पंचवीस-तीस. गार्डने गाडी जमिनीपासून वीतभर वर धरली आणि पाय तसाच बाहेर काढता आला. हळू वेगात पडलं तर गार्ड पाय वाचवतो, वेगात पडलं तर काय होईल ते सांगता येत नाही. मी तरी लावते. गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वर येणारे बूट मात्र दोन्हीकडे लागतात.

नियमानुसार:
कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत लिहिलेले तपशील उत्पादकाने ठरवल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे इंजिन, रंग, सांगाडा, सायलेन्सर यांच्या वाटेला जाऊ नका. सायलेन्सर बदलणाऱ्यांचं काय होतं ते आपण रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरच्या फोटोत बघतोच.

मागे सॅडल स्टे लावताना बरेच जण साडी गार्ड काढून फेकतात. ते करू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि पाय ठेवायची जागा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. दिसायला नको वाटतं, पण ओढणी किंवा साडी चाकात गेलेला अपघात ज्याने पाहिलाय तो ते काढणार नाही. साडी गार्ड ठेवून बसणारे स्टे मिळतात.

आणि विमा. पॉलिसीत न नोंदवलेल्या ॲक्सेसरीजचे पैसे अपघातानंतर मिळत नाहीत. विजेच्या ॲक्सेसरीज थोडा जास्त हप्ता भरून नोंदवता येतात. नाना पेठेतल्या पावत्या जपून ठेवा.

वॉरंटीबद्दल: पुस्तिकेतलं वॉरंटीचं पान शांतपणे वाचा. लेग गार्ड बसवला म्हणून इंजिनची वॉरंटी जात नाही. पण मूळ वायरिंग कापलेलं दिसलं तर विजेच्या भागांचा दावा नाकारायला त्यांच्या हातात कारण मिळतं. बारा_व्होल्ट यांचा कपलरचा सल्ला म्हणूनच सोन्यासारखा आहे. "सगळी वॉरंटी जाईल" असं कोणी म्हणालं तर ते कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवायला सांगा.

नानापेठकर:
माहुलीकर, जाता जाता एक. शोरूमने आयएसआय हेल्मेट दिलं का? नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देणं नियमात आहे. बरेच जण मागतच नाहीत.

कॅमेरावाला:
मोबाईल होल्डरबद्दल कोणीच बोललं नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृत सूचना काढली होती की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार कंपनं हँडलवरून सरळ फोनला पोचली तर कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलला फोन लावणं टाळा, आणि स्कूटर-मोपेडला लावायचाच तर कंपन शोषणारा माउंट वापरा, असं त्यांनी सांगितलं होतं. एका सिलिंडरच्या गाडीला हे तर नक्कीच लागू. रबरी डॅम्पर वेगळा मिळतो, होल्डर आणि हँडल यांच्या मधे बसतो. माझ्या एका फोनचा कॅमेरा असाच गेला, समोरचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं थरथरायचं.

शिरोळचा_पाना:
माहुलीकर, एवढं सगळं वाचून तुम्ही करणारच, हे कळलं. मग निदान हे ऐका. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की नटापासून खालच्या पट्टीवर जाईल अशी एक सरळ रेघ रंगाने मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. रोज पाना लावून बघायची गरज नाही, डोळ्यांनी कळतं. आमच्याकडं ट्रकच्या चाकांना असंच करतात. अन् दोनशे-तीनशे किलोमीटरनं सगळं एकदा परत तपासा. नवीन फिटिंग बसतंच.

वाटलं तर वायरिंगचा फोटो इथं टाका, मी बघून सांगतो.

माहुलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, म्हणून उशिरा लिहितोय.

पहिल्या रविवारी लेग गार्ड आणि स्टे. माझा गार्ड इंजिनाच्या बोल्टवर नव्हता, फ्रेमवरच होता, त्यामुळे ते सोपं गेलं. घाटवाट यांचा सैल ठेवण्याचा सल्ला नसता तर मी नक्की फसलो असतो, कारण उजवा क्लॅम्प सुरुवातीला बोटभर बाहेर होता आणि सगळे सैल केल्यावर आपोआप आत आला. लेकीने वर्तमानपत्रावर नट मांडले, प्रत्येकापुढे पेनने नाव लिहून. आठ मिलिमीटरचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तिनेच आवळले, क्लिक झाला की थांबायचं हे तिला एकदा सांगितलं ते पुरलं. साडी गार्ड जागेवर आहे.

दुसऱ्या रविवारी वायरिंग, सकाळी आठ ते दुपारी तीन. कंपनीची एकही वायर कापली नाही. रिलेच्या जोडणीचं आधी कागदावर चित्र काढलं. शिरोळकर दादांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी एक चूक काढली: अर्थिंगची वायर मी रंग दिलेल्या पृष्ठभागावर लावली होती. ती थेट बॅटरीच्या मायनसला नेली आणि दिवे लुकलुकायचे थांबले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.७ व्होल्ट, चालू इंजिनवर दोन्ही फॉग लाईट लावून १३.९. दिव्यांचा झोत गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून, हेडलाईटच्या मध्यापेक्षा खाली पडेल असा लावलाय, समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको.

हेल्मेट मिळालं नव्हतं. जाऊन मागितलं, दिलं.

आता एक शंका. काल कास पठारापर्यंत जाऊन आलो, गाडीचे आतापर्यंत एकूण ३१० किलोमीटर झाले. साठच्या पुढे उजव्या बाजूने बारीक गुणगुण येते, सत्तरला थांबते. काय असेल?

बारा_व्होल्ट:
१३.९ म्हणजे उत्तम. चार्जिंग दिव्यांना पुरून उरतंय.

शिरोळचा_पाना:
उजव्या स्टेच्या खालच्या बोल्टची रेघ बघा आधी. गुणगुण ठरावीक वेगालाच येते म्हणजे काहीतरी पातळ पत्रा किंवा पट्टी थरथरत असणार. हात लावून दाबून धरा, आवाज गेला की तीच जागा. नट सैल निघाला तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (नट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, आणि मध्ये रबरी वॉशर.

माहुलीकर:
दादा, तिथेच होतं. स्टेच्या खालच्या नटावरची रेघ अर्ध्या सुतासारखी सरकलेली. मला दिसली नाही, लेकीने दाखवली. रेघा तिनेच मारल्या होत्या, आईच्या लाल नेलपॉलिशने. रबरी वॉशर आणि थ्रेडलॉक लावून परत आवळलं, आत्ताच लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. पहिली सर्व्हिस ५०० ला आहे, त्याआधी ती सगळ्या रेघा परत तपासणार आहे.